झुकतं माप

हे लिहायचं मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ टाळत आलो. कधी वाटायचं, कोणाला काय त्याचं. कधी वाटायचं, मालतीला आधी सांगू, मग लिहू. मालतीलाही सांगितलं नाही. आता मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे आणि टाळायला नवी कारणं सुचत नाहीत.

श्रावणाच्या तोंडावर सांगलीच्या बाजारात हातगाड्यांवर ओल्या खारका येतात. पिवळ्याजर्द, काडीला लगडलेल्या. मालती दर वर्षी पाव किलो आणते, धुऊन वाटीत ठेवते. मी त्या वाटीकडे बघत नाही. दोन दिवसांनी ती शेजारी देऊन टाकते. माझ्या साखरेमुळे मी खात नाही, असा तिचा समज आहे आणि मी तो मोडलेला नाही. या वर्षी मात्र ती देवळात गेली असताना मी एक उचलून तोंडात टाकली. दाताखाली कडक, आधी तुरट, मग जिभेच्या मागच्या बाजूला हळूच गोड. आणि माझा उजवा अंगठा आपोआप दुमडला, हातात स्टॉपवॉच असल्यासारखा.

चौऱ्याण्णवचा तो उन्हाळा. मी तेव्हा बहारीनमध्ये, ईसा टाउनमधल्या भारतीय मुलांच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. राहायला अदलियात, एका जुन्या व्हिलाच्या वरच्या दोन खोल्यांत. मालती त्या वर्षी मे महिन्यातच तिच्या आईच्या दुखण्यासाठी भारतात आली होती. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की आमची सगळी माणसं देशाला जायची आणि गल्ल्या ओस पडायच्या. उरायचे एसीचे आवाज आणि त्यांच्या नळ्यांतून फुटपाथवर ठिबकणारं पाणी. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. चष्मा पुसेपर्यंत सदरा अंगाला चिकटलेला.

माझ्या घराखाली हसनभाईंचं कोल्ड स्टोअर होतं. तिकडे किराण्याच्या छोट्या दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात. हसनभाई दाभोळचे. मला ते ‘सर’ म्हणत आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मला मत विचारत, मग ते खोडून काढत. त्यांच्या दुकानात एक काट्याचं वजनयंत्र होतं. काटा किलोवर आला की ते थांबत, गिऱ्हाइकाकडे बघत आणि वरून आणखी तीन-चार खजूर टाकत. काटा पुढे झुके.

त्या काट्यापाशीच मला मार्कस पहिल्यांदा भेटला.

दारातून आत आला तेव्हा दुकानात अंधारल्यासारखं झालं. काळाभोर, फार उंच नव्हे, पण मान डोक्याएवढी रुंद. डाव्या हाताची दोन बोटं दोन वेगळ्या दिशांना वळलेली. काटा झुकलेला बघून तो म्हणाला, “हसन, तुझा काटा बिघडलाय.”

“काटा ठीक आहे,” हसनभाई त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, “माझा हात बिघडलाय. वालिद देऊन गेलेत असा हात.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “सर, हा अमेरिकेचा नामी खेळाडू आहे. बायको जुफेरच्या आरमारी तळावर नोकरीला. हा घरी बसून माझं कलिंगड संपवतो. याला कोणीतरी घड्याळवाला पाहिजे म्हणे.”

“स्टॉपवॉच,” मार्कस म्हणाला. “आणि ते नीट दाबणारा माणूस.”

त्याचा खेळ म्हणजे ज्याला ते फुटबॉल म्हणतात, पण चेंडू हातात धरून पळतात तो. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर पॅड. त्यात तो बचाव करणारा होता. प्रतिपक्षाचा सगळ्यांत वेगवान गडी मैदानाच्या कडेनं चेंडू झेलायला पळतो. मार्कसनं त्याच्याकडे तोंड ठेवून आधी उलट पावली पळायचं, मग एका क्षणी कंबर फिरवून त्याच्याबरोबर सुटायचं आणि चेंडू त्याच्या हातात पडू द्यायचा नाही. व्यावसायिक संघांतून तो सात हंगाम हे करत आला होता. आठव्या वर्षी गुडघ्याच्या आतला एक बंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, संघानं नाव काढून टाकलं. बत्तिसावं वर्ष. जुलैअखेर एका दुसऱ्या संघाच्या शिबिरात त्याला एक संधी मिळणार होती, आणि तिथे पहिल्याच दिवशी त्याला चाळीस यार्ड पळायला लावणार होते. त्या चाळीस यार्डांवर त्यांच्याकडे माणूस ठेवायचा की घरी पाठवायचा ते ठरतं. चार पूर्णांक सहा सेकंदांच्या आत, तर बोलणं पुढे जाणार.

एकदा त्यानं मला त्याच्या घरी नेऊन व्हिडिओ कॅसेटी दाखवल्या. मी तासभर डोळे ताणून बघत होतो. कॅमेरा सारखा चेंडूमागे धावत होता आणि मार्कस कुठे दिसतच नव्हता.

“तू कुठे आहेस यात?”

तो सोफ्यावर पाय लांब करून हसला. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. “नाही दिसत ना? म्हणजे माझं काम झालं. माझ्या माणसाकडे चेंडू टाकण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळलं. ते दुसरीकडे टाकतायत.”

मग त्यानं दुसरी कॅसेट लावली. त्यात तो दिसला. चेंडू त्याच्या वळलेल्या बोटांच्या वरून गेला आणि मागच्या माणसानं झेलला. लोक उभे राहून ओरडत होते. मार्कस जमिनीवर हात टेकून बसला होता.

“सात वर्षांत शेकडो वेळा बरोबर केलं,” तो म्हणाला. “माझ्या गावात लोकांना हा एकच चेंडू आठवतो.”

मी त्याला म्हटलं, आमच्या खोखोतही बचाव करणारा असतो. मी तेच खेळायचो. पाठलाग करणाऱ्यांपासून किती मिनिटं वाचलास, तेवढीच तुझी किंमत. मी फरशीवर खडूनं आखून दाखवलं.

“हे आठ जण असे बसून का आहेत?”

“पाठलाग करणारे तेच. खो मिळाला की उठायचं.”

“आमच्यात बसलेल्याला घरी पाठवतात, कोच.”

त्या दिवसापासून तो मला कोच म्हणू लागला. मला आयुष्यात सर म्हणणारे हजारो भेटले. कोच म्हणणारा तो एकटा.

आम्ही पहाटे पळायचो. सनाबिसच्या पलीकडे, जिथे पुढे मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तिथे तेव्हा समुद्रात भराव टाकून केलेली सपाट, कडक जमीन होती. साडेचारला झुंजुमुंजू व्हायचं. मी टेपनं अंतर मोजून चुन्याची फक्की ओढायचो, दोन रेघा. समुद्राचा खारट, थोडा कुजका वास. शमाल, म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला की फक्की उडून जायची आणि पुन्हा ओढावी लागायची. साडेपाचला सूर्य असा वर यायचा की यल्ला, पळा घरी. त्याचा पहिला पाय उचलला की मी अंगठा दाबायचो आणि छाती रेघेवरून गेली की पुन्हा. मग तो परत येऊन घड्याळ माझ्या हातातून घ्यायचा आणि स्वतः वाचायचा. तोंडी आकड्यावर त्याचा विश्वास नव्हता.

मे महिन्यात चार आठ. जूनच्या पहिल्या आठवड्यात चार सात चार. आणि मग तो आकडा हलेचना. दहा दिवस चार सात चार, चार सात पाच. सुटताना त्याचा डावा पाय किंचित घाबरायचा. मला ते दिसायचं. खोखोत मी असे पाय खूप पाहिले होते. त्या पायाला आपण बरे झालो आहोत याची अजून खात्री नसते.

एका सकाळी तो पळाला, घड्याळ बघितलं आणि तिथेच भरावावर बसला. “संपलं, कोच. खलास.” हसनभाईंकडून उचललेला शब्द. मला त्याच्याकडे बघवेना. गालांवरून ओघळत होता तो घाम होता की आणखी काही, मी विचारलं नाही.

मी म्हटलं, “एकदा आणखी.”

तो उठला. आणि मी पहिल्यांदा अंगठा उशिरा दाबला. पाय उचलला, जमिनीवर आला, मग दाबला. पलीकडे छाती रेघेला पोचायच्या आधी पुन्हा दाबला. चार पाच नऊ.

त्याचा तो चेहरा मी वर्णन करून सांगू शकत नाही. त्यानं मला उचललं. एवढा मी माणूस, त्यानं पोत्यासारखा उचलून फिरवला आणि माझा चष्मा फक्कीत पडला.

हे मी शिकलो होतो माझ्या गुरूंकडून. शाळेत खोखो खेळताना मी पावणेदोन मिनिटांच्या वर कधी टिकायचो नाही. एकदा बाद होऊन आलो तर आमच्या सरांनी मोठ्यानं जाहीर केलं, “दोन मिनिटं!” मी छाती काढून फिरलो. पुढच्या सामन्यात खरोखर दोन मिनिटं टिकलो. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, त्या दिवशी एक मिनिट चाळीस सेकंदच झाले होते रे. पुढे मी स्वतः मास्तर झालो तेव्हा हेच केलं. हिरमुसलेल्या पोराला एक-दोन दशांश सोडायचे. पोरगं उभारी धरतं आणि महिन्याभरात ते दशांश स्वतः कमावतं. आमच्यातल्या निम्म्या खेळशिक्षकांना ही युक्ती माहीत आहे आणि कोणी तिला खोटं म्हणत नाही. पण शाळेच्या पोरांना पुढे दुसरं घड्याळ लावणारं कोणी नसतं. मार्कससाठी समुद्रापलीकडे एक घड्याळ तयार होतं. हे मला त्या सकाळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुचलं. पण तेव्हा खरं घड्याळ दाबलं असतं तर आकडा पुन्हा चार सात झाला असता आणि तो कालच्यापेक्षा खोल बसला असता. म्हणून पुन्हा उशिरा. तिसऱ्या दिवशीही. त्याचा डावा पाय खरंच मोकळा होत चालला होता, डोळ्यांना दिसत होतं. पण किती, ते मला सांगता येईना. माझा अंगठा रोज वेगळं माप सोडत होता आणि खरा आकडा आता त्याला माहीत नव्हता तसा मलाही नव्हता.

आणि एक गोष्ट, जी मी स्वतःशीही फार उशिरा कबूल केली. मी हे केवळ त्याच्यासाठी केलं नाही. संध्याकाळी दुकानात तो दोन्ही हात वर करून सांगायचा, “हसन, या माणसानं मला परत पळायला शिकवलं!” तेव्हा मला फार बरं वाटायचं. ज्याचे सामने टीव्हीवर दाखवतात असा माणूस, आणि मी त्याचा कोच. त्यानं यायचं थांबवू नये, असं मला वाटत होतं.

जून संपत आला. खजुरांच्या झाडांवर पिवळे घोस दिसू लागले. हसनभाईंकडे पहिली टोपली आली, कडक, पिवळी. मार्कस काट्यापाशी उभा राहून एक खारीक चावत होता.

“कोच, एक सांगायचं होतं. आज एक नोकरी नाकारली.”

त्याच्या जुन्या कॉलेजात बचावाच्या खेळाडूंना शिकवायची जागा होती. त्याच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकानं त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. कायमची नोकरी, घर, आजारपणाचा विमा. जूनअखेर उत्तर हवं होतं. त्यानं फोन करून नाही म्हणून सांगितलं.

“चार पाच पाच पळणारा माणूस शिकवत कशाला बसेल?” तो म्हणाला. “बरोबर केलं ना मी?”

हा प्रश्न त्यानं मला विचारला होता. फोन होऊन दोन तास झाले होते. अजून एक फोन करता आला असता. दुकानात आम्ही तिघंच होतो. माझ्या तोंडात खारीक होती, ती गिळून मी म्हटलं, “इंशाल्ला.”

तो हसत हसत बाहेर गेला. हसनभाई माझ्याकडे बघत होते.

“सर, तुमचा चेहरा असा का झाला?”

मी त्यांना सांगितलं. सगळं, अंगठ्यासकट. त्यांनी फडकं काढून काटा पुसला, उगाचच, दोनदा.

“इंशाल्ला म्हणायची ही जागा होती का, सर? हे अल्लाच्या हातात नव्हतं. तुमच्या अंगठ्यात होतं.”

“मी त्याला उभारी दिली, हसनभाई. तुम्ही नाही का वरून चार खजूर टाकत?”

“मी टाकतो ते माझ्या टोपलीतले,” ते म्हणाले. “तुम्ही टाकले ते कोणाचे?”

मग ते थोडे नरमले. “जा ना. आत्ता जा. घर काय लांब आहे? शिव्या देईल, दोन ठेवून देईल. त्याच्या दोन तुम्हाला झेपायच्या नाहीत म्हणा. पण जा.”

मी गेलो. खरंच गेलो. त्याच्या फाटकापर्यंत. आत दिवाणखान्यात तो बायकोला काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. मी बेलवर अंगठा ठेवला आणि दाबला नाही. परतताना स्वतःची समजूत घातली की शिबिराला अजून चार आठवडे आहेत, तोवर तो खरोखर तेवढा पळू लागेल. आमच्या सरांचं माझ्या बाबतीत खरं झालं होतं, माझंही होईल.

जाण्याआधीच्या शेवटच्या सकाळी त्यानं मला एका कागदावर आकडा लिहून मागितला. तारीख घाल, सही कर, म्हणाला. मी लिहिलं, चार पूर्णांक पाच पाच. त्यानं घडी करून पाकिटात ठेवली.

ऑक्टोबरात पत्र आलं. मोठं, वेडंवाकडं अक्षर. पहिल्या दिवशी पळवलं, चार सात एक. त्यानं सांगितलं, तुमचं घड्याळ तपासा. ते हसले. दुसऱ्यांदा पळवलं, तेच. त्यानं त्यांना सांगितलं म्हणे, बहारीनमध्ये एक माणूस आहे, त्याचं घड्याळ खोटं बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला सामान आवरायला सांगितलं. कॉलेजातली जागा तोपर्यंत भरली होती. मेहुण्याच्या टायरच्या दुकानात तो काम करत होता. शेवटी लिहिलं होतं, “तुझी चूक नाही, कोच. ऐन वेळी माझे पाय फितले. हसनला सांग, इकडच्या खजुरांना चव नाही.”

मी ते पत्र हसनभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, “पत्ता आहे ना पाकिटावर?”

पत्ता होता. मी उत्तरं लिहिली, पाच-सहा तरी. सगळी सुरुवातीलाच अडायची. हवापाणी, शाळा, दुकानाची खबर यांच्यापुढे लेखणी जायची नाही. पोस्टात पडलं ते फक्त नव्या वर्षाचं कार्ड. त्यात मी लिहिलं, तब्येतीला जप.

चार वर्षांनी तो पुन्हा आला. बायकोची दुसऱ्यांदा बदली झाली होती. सामान लावून द्यायला म्हणून तो चार दिवस होता. अदलियातल्या एका कॅफेत आम्ही बसलो. तो जाड झाला होता आणि खुर्चीत बसताना आधी टेबल धरत होता. टायरच्या दुकानाच्या गोष्टी सांगत होता. गिऱ्हाइकांच्या, त्याला ओळखणाऱ्या आणि त्या एका चेंडूवरून टोमणे मारणाऱ्या. मी ठरवूनच आलो होतो. पहिलं वाक्य पाठ करून आलो होतो.

“मार्कस, त्या जूनमध्ये...”

“थांब, थांब,” तो म्हणाला आणि पाकीट काढलं. तो कागद. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. “माझी मुलगी मानतच नाही. म्हणते, बाबा, बत्तिसाव्या वर्षी आणि त्या गुडघ्यावर तू एवढा पळलासच नाहीस. मी म्हणतो, हे बघ, सही आहे. माझ्याकडे कॅसेटी आहेत, कोच, पण त्यांत मी दिसत नाही, तुला माहीत आहे. हा कागद आहे म्हणून.” मग त्यानं तो माझ्यासमोर सरकवला. “शाई उडालीय घामानं. जरा गडद करून दे ना.”

मी खिशातून पेन काढलं.

मी तो आकडा गिरवला. आधी चार, मग टिंब, मग दोन्ही पाच. सहीवरूनही पेन फिरवलं. त्यानं शाईवर फुंकर घातली, घडी केली आणि वळलेल्या बोटांनी जपून पाकिटात ठेवली. “तू काहीतरी सांगत होतास,” तो म्हणाला.

“काही नाही. हसनभाईंनी तुझ्यासाठी खजूर बाजूला काढून ठेवलेत.”

मी स्वतःला सांगत आलो की त्याच्याकडे उरलेली ती एकच गोष्ट मी काढून घेतली नाही, हे दयेचं काम होतं. काही रात्री ते पटतंही. पण खोखोच्या मैदानावर मी जन्म काढला आहे. खांबाआड लपणारा माणूस मला ओळखू येतो.

हसनभाई दहा वर्षांपूर्वी दाभोळला वारले. शेवटच्या फोनवरही त्यांनी विचारलं होतं, “सर, सांगितलंत का त्याला?” नव्या वर्षाची कार्डं त्याच्याही आधी बंद झाली. आता माझ्याकडे पत्ता नाही, असं मी म्हणू शकतो. पण जेव्हा होता तेव्हा काय केलं, ते वर लिहिलंच आहे.

मालती देवळातून आली तेव्हा वाटीतली एक खारीक कमी झालेली तिच्या लक्षात आली. “साखर वाढवून घ्या आता,” ती म्हणाली. त्यानंतर आठ दिवस मी हे लिहीत होतो; काल तिला समोर बसवलं आणि हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “त्याला मराठी येतं का?” नाही, म्हटलं. “मग हे कोणासाठी लिहिलंत?” मी कागद नीट रचू लागलो. ती म्हणाली, “निदान ते पाठ केलेलं वाक्य तरी लिहा. ते यात कुठेच नाही.”

ते वाक्य असं होतं: मार्कस, त्या जूनमध्ये तुझे पाय फितले नाहीत, माझा अंगठा फितला, ज्या सकाळी तू घड्याळ बघून खलास म्हणालास, त्या सकाळी तुझा आकडा चार सात चार होता आणि तू बरोबर होतास, तुझी नोकरी, तुझं घर, तुझा आपल्या पायांवरचा भरवसा मी माझ्या टोपलीतला समजून वाटून टाकला, मला माफ कर.

कॅफेत मी यातले पहिले तीन शब्द बोललो होतो.